कमांडर पास होत नाही

मोरबी, ता. २ एप्रिल

बाबा,

पाया पडतो. कसे आहा ते विचारत नाही. तुमी उत्तर देत नाही, अन् आईले विचारलं का ते फोनवर रडते. मी बरा आहो. टाइल्सच्या कारखान्यात आता सुपरवायझरसारखंच काम आहे.

दोन वर्षांत पहिल्यांदा लिवून राहिलो. फोन केला असता, पण तुमचे कान. टायफाईडनं कान गेले तवापासून तुमी कोणाचं तोंडचं काही मानत नाही. कागदावर असन तेवढंच खरं. आई हात हालवून भांडाले लागली का तुमी डोळे मिटून घेता, झालं, भांडण खतम. म्हणून पत्र. पत्र वाचाले तरी डोळे उघडे ठेवाच लागन.

आईनं सांगतलं का आपली कमांडर जीप आरटीओत नापास झाली. अन् तुमी म्हणून राहिले का आता भंगारात देऊन टाकतो.

बाबा, असं करू नोका.

ते जीप तुमी बालाघाटवरून आणली तवा मी पाळण्यात होतो. आई आजही बोलून दाखवते का पोराचं बारसं राहून गेलं अन् गाडीची पूजा झाली. चिखल्याच्या खदानीत शिफ्टले जाणाऱ्या किती माणसांनी तिच्या बाकावर झोपा काढल्या. कोणाची बायको अडली का रात्री दार कोणाचं ठोकत होते? तुमचं. तिच्या समोरच्या काचेवर साधनाताईचं नाव आहे, मागं आईबापाचा आशीर्वाद आहे, मायं नाव कुठीच नाही, तरी मी काही म्हणलो का? तिसरा गेअर उतारावर निसटे तवा गुडघ्यानं दांडा दाबून कोण बसत होतं? माया गुडघ्यावर आजही तो काळा डाग आहे.

अन् दर साली तं पास होतच होती ना ते. देवाजी मिस्त्रीच्या खोलीत पासिंगचे टायर ठेवलेच आहे. आपल्याकडच्या साऱ्या जीपा त्याच टायरवर पास झाल्या. एकाची गाडी आरटीओतून आली का तिचे टायर काढून दुसऱ्याच्या गाडीले. तुमीच म्हणत होते, हे टायर तालुक्यात सगळ्यात जास्त हिंडले अन् सगळ्यात कमी घासले.

आता आई म्हणते का साहेब पाहतच नाही, मशीन पाहते. गाडी लोखंडी रुळांवर उभी करते, मशीन चाकं फिरवते अन् ब्रेक मोजते. मशीनले चहा पाजता येत नाही, हे मलेही समजते. पण मशीन माणसानंच बनवली ना? काही तरी रस्ता असन. मी पत्ता लावतो. महिन्याच्या आत पुन्हा एक मौका देते म्हणते. तवापर्यंत भंगारवाल्याले शब्द देऊ नोका.

मी दिवाळीले येईन म्हणतो. कायमचा. तुमी बाजूले बसा, मी चालवतो. सवाऱ्या ओळखीच्या आहे, रस्ता ओळखीचा आहे. गोबरवाहीच्या चौकात जे झालं ते झालं. एका बसले ओव्हरटेक केलं म्हणून तुमी साऱ्या सवाऱ्यांसमोर चाबी काढली अन् मले खाली उतरवलं. बस तशीही बैलावाणी चालून राहिली होती. जाऊ द्या. मी विसरलो, तुमीही विसरा.

पण गाडीच नसली तं मी कायले येऊ? नववी नापास पोट्ट्याले तिथी कोण विचारते? खदानीत भरती नाही. जमीन किती आहे ते तुमाले माहीत आहे. एक कमांडर होती म्हणून मी इथी सगळ्याईले सांगतो का माया घरी गाडी आहे.

उत्तर द्या. नाही दिलं तरी चालन, पण गाडी देऊ नोका.

तुमचा,
वीरेंद्र


मोरबी, ता. ८ एप्रिल

बाबा,

रस्ता सापडला!

पहिले देवाजी मिस्त्रीले फोन केलो. मी विचारलो, "काका, मशीननं काय म्हणलं?"

तं तुमचं नाव घेऊन म्हणते, "मशीन म्हणते, भोजराजभाऊपेक्षा मले जास्त ऐकू येते."

मस्करी कराची सवय गेली नाही त्याची. मंग नीट सांगतलं. मागचं डावं चाक कमी पकडते, उजवं बरोबर पकडते, दोघाईत फरक जास्त आहे. म्हणून नापास. डावा ड्रम आतून चिरला, त्या मापाचा भेटत नाही. अन् भेटला तरी, म्हणते, खालून चेसिस सडली आहे, बोट लावलं का पापडावाणी तुकडा पडते. "वीरू, म्हातारी झाली रे ते. सोडून द्या आता."

त्याले बोलाले काय जाते. त्याची थोडी आहे.

पण माया डोक्यात एकच गोष्ट अटकली. मशीन फरक पाहते. बरोबर? मंग फरकच ठेवू नोका. डावं घट्ट होत नाही तं उजवं ढिलं करा. दोन्ही सारखे झाले, फरक खतम. काहून नाही पास होणार? इतकी सोपी गोष्ट आहे अन् तिथी कोणाच्या ध्यानात नाही आली. इथी एका पंक्चरवाल्याले विचारलो, तो म्हणला, दिमाक आहे तुले.

तुमाले काय सांगाव, तुमी तं डोळे मिटूनही कराल. तरी लिवतो. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूनं जो चौकोनी बोल्ट आहे, ज्याच्यानं ब्रेक घट्ट करते, तोच उलटा फिरवा. चाक वर उचलून हातानं फिरवून पाहा. डाव्या चाकासारखंच आळसानं फिरलं पायजे, बस. पाना देवाजीपाशी भेटन, पण त्याले काही सांगू नोका. तोंडाळ आहे तो. साऱ्या चिखल्यात करन. तुमी एकट्यानंच करा. आपल्या घरचं काम आहे.

अक्षर वाकडं आलं ते समजून घ्या. हाताले पट्टी आहे. टाइल्सची पेटी निसटली. जास्त काही नाही, दोन बोटं सुजले. सुपरवायझरले पण कधी कधी पेट्या उचलाव लागते.

एक विचाराचं होतं. मी होतो तवा मागून गाडी आली का तुमच्या खांद्यावर एक थाप मारत होतो, थांबाचं असलं का दोन. आता कोण मारते? आई म्हणते, खदानीतले मंगेशकाका समोर बसते, ते मारते. त्याईचा हात घणावाणी आहे. खांदा दुखत असन तुमचा. अन् ते पान खाता खाता विसरते, हे मले माहीत आहे. मी कधी विसरलो होतो का? सांगा.

पास झाली का एक ओळ लिवा. फक्त 'झाली' लिवलं तरी समजन. मी दुसऱ्या दिवशी इथून निघतो, दिवाळीची वाट पाहत नाही.

तुमचा,
वीरेंद्र


मोरबी, ता. १५ एप्रिल, स्पीडपोस्टानं

बाबा,

मागच्या पत्रात मी लिवलो ते करू नोका. केलं असन तं गाडी चालवू नोका. सवारी तं बसवूच नोका. पहिले एवढं वाचा, मंग बाकीचं.

आज सकाळी लोडिंगले राजस्थानचा एक म्हातारा ट्रकवाला आल्ता. चहा पिता पिता मी त्याले माया इलाज सांगतलो, मोठ्या शानमध्ये. त्यानं पुरं ऐकून घेतलं. मंग म्हणला, "बेटा, उसकी एक टांग लंगड़ी थी, तूने दूसरी भी तोड़ दी. अब बोलता है दोनों बराबर."

सारे हसले. मीही हसलो. मंग तो म्हणला, "उसमें बैठता कौन है?"

मी म्हणलो, "खदान के लोग."

मंग तो हसला नाही. कप खाली ठेवला अन् मले समजावून सांगतलं. मशीन फरकही पाहते अन् एकंदर पकड किती आहे तेही पाहते. म्हंजे पास तं होणारच नाही. अन् सपाट रस्त्यावर समोरच्या चाकांवर कशी तरी थांबन, पण भरलेली गाडी उतारावर असली तं मागचं वजन तिले ढकलत नेईन. "तेरा बाप मना करेगा ना?" असं विचारलं त्यानं. मी त्याले काय सांगू का माया बाप मायं लिवलेलं सोडून कोणाचंच मानत नाही.

लगेच आईले फोन लावलो.

"आई, माये पत्रं आले का?"

"आले ना रे. दोन्ही आले. दुसरं तं तुया बाबानं पुन्हा पुन्हा वाचलं. हसले रे ते. किती दिवसानं हसले."

"कुठी आहे ते?"

"गाडीखाली."

"आई, त्याईले बाहेर काढ. म्हण, ब्रेक ढिला करू नोका."

"कशी काढू? नुस्ते पाय दिसते. पाय ओढला का लाथ मारते."

"चाबी लपव."

"त्या गाडीले चाबी लागते कुठी? चमच्यानं चालू होते ते."

"मंग तोंडासमोर जाऊन बस. वाकून बस. हातानं सांग, नाही म्हणून."

तिकडून आईच्या बांगड्या वाजल्या. मंग म्हणे, "सांगतलं. त्याईनं डोळे मिटून घेतले, वीरू."

मी म्हणलो, कोणाले तरी बोलाव, गाडीतली हवा सोडाले सांग, चाकच काढून फेका म्हण. अन् तेवढ्यात आईचा फोन बंद पडला. चार्जिंग नसन. तवापासून लावून राहिलो, लागत नाही.

दुपारच्या शिफ्टचा टाइम होऊन राहिला. खदानीच्या कॉलनीच्या फाटकापासून खाली कसा उतार आहे ते तुमाले मी कायले सांगू? अन् खाली वळणावर शकुंतलाबाईची भाजीची टोपली. समोर मंगेशकाका, मागं दोन्ही बाक भरून माणसं, पायदानावर लटकलेले वेगळे. तुमाले कोणाची किंकाळीही ऐकू येणार नाही.

हे पत्र तुमाले भेटेपर्यंत किती दिवस जाईन ते मले समजते. मी येडा नाही. तरी लिवून राहिलो, कारण तुमी दुसरं काही मानतच नाही. मायं मागचं पत्र फाडून टाका. ते पत्र मी लिवलो, हेही पत्र मीच लिवलो, पण हे खरं माना.

ब्रेक घट्ट करा. नाहीतं चाक काढून ठेवा.

वीरेंद्र


मोरबी, ता. १७ एप्रिल

बाबा,

आज काय लिवू ते समजत नाही. तुमी हे वाचून राहिले म्हंजे तुमी आहा. तेवढंच पायजे मले.

आईचा फोन काल लागला होता. उचलला कोणीच नाही. आज सकाळी देवाजी मिस्त्रीले लावलो. तो मायावरच खेकसला.

"तू काय लिवला रे त्या पत्रात?"

"काका, गाडी कुठी आहे?"

"पहिले सांग, काय लिवला? तुया बाप मायापाशी पाना मागाले आला. मी म्हणलो, भाऊ, काय कराचं ते दाखवा, मी करून देतो. तं कागद छातीशी दाबून धरला. म्हणे, पोराचं काम आहे, मीच करन. दोन दिवस गाडीखालून निघाला नाही. बोल्ट जाम होता म्हणे."

"निघाला का मंग? बोल्ट?"

"निघाला असन. आज पाना वापस आणून दिला."

मी विचारलो, "शिफ्ट नेली का त्याईनं?"

"नाही ना. सवाऱ्या फाटकावर उभ्या राहू राहू कंटाळल्या. मंगेश शिव्या देऊन राहिला होता. दुसऱ्याच्या गाडीनं गेले बिचारे. अन् तुया बाप आता निघाला, मायासमोरून."

"कोणाले घेऊन?"

"एकटाच. बोडीकडे गेला."

"बोडीकडे कायले?"

"मले काय माहीत? हात केलो, तं पाहलंच नाही त्यानं. सरळ समोर पाहून चालवत होता."

मी म्हणलो, "काका, तुमी त्याच्या मागं जा. पळत जा. ब्रेक नाही आहे गाडीले." तो काही तरी म्हणला, अन् पान्याचा का कायचा आवाज आला, खाली पडल्यावाणी. मंग फोन तसाच चालू राहिला. मले नुस्ता दुकानातला रेडिओ ऐकू येऊन राहिला होता. मंग कटला.

बोडीकडच्या रस्त्यानं पोरं म्हशी नेते. त्या तळ्याच्या पाळीवर सकाळी बाया कपडे धुते.

मी टेसनवर जाऊन आलो. तिकीट काढलो नाही. खिडकीपाशी उभा राहिलो, माया नंबर आला, अन् मी बाजूले झालो. काहून ते लिवत नाही. तिथी येऊन मले काय ऐकाव लागन, तेच इथून ऐकलेलं बरं, असं वाटलं. तुमी मले भित्रा म्हणाल. म्हणा. तुमी काहीही म्हणा, पण म्हणा.

इथी बाजूच्या खाटेवरचा पोट्टा म्हणते, पत्र लिवून काय होते, फोन कर. फोन हातातच आहे.

वीरेंद्र


मोरबी, ता. २९ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र आलं.

तुमी सलामत आहा हे तं आईनं त्याच दिवशी संध्याकाळी सांगतलं होतं. "चिखलानं भरून आले रे तुये बाबा, डोक्यापासून पायापर्यंत. मी ओळखलीच नाही. अन् हसून राहिले येड्यावाणी." मले तवा तिच्यावरच राग आला. इतका येळ फोन काहून नाही उचलला म्हणून भल्ला ओरडलो. ते म्हणे, "त्याईले धुवू का तुयाशी बोलू?" पण झालं काय ते तिले सांगता येईना. ते तुमच्या पत्रातून समजलं.

तुमी लिवले, "तुया सांगण्यापरमाणं केलं. सवारी घेतली नाही. मले तेवढं समजते. बोडीच्या काठावर कोणी नाही असं पाहून वरच्या धानाच्या बांधीतून गाडी सोडली अन् ब्रेक दाबला. तुयं म्हणणं बरोबर निघालं. दोन्ही चाकं अगदी सारखे चालले. एकही थांबलं नाही."

हे वाचून मी हसलो, खोटं कायले बोलू. मंग पुढचं वाचलो. समोरचे ब्रेक पकडले पण ढेकळावरून गाडी घसरत गेली, पाळ चढली, अन् बोडीच्या गाळात जाऊन बसली. स्टेअरिंगपर्यंत गाळ. दोन म्हशी वळून पाहून राहिल्या. तुमी बाहेर निघून पाळीवर बसले. देवाजीकाका पळत पळत आले ते तुमाले ऐकू आलं नाही. त्याईनं मागून खांद्यावर हात ठेवला तं तुमी ओरडले.

त्याच्याखाली तुमी लिवले ते इथी पुन्हा लिवतो. मले पाठ झालं. "वीरेंद्र, तू हुशार आहेस. पण पत्र लिवताना तुले गाडी दिसत होती, गाडीतले माणसं दिसत नव्हते. गाडी राहिली तं तू येशील अन् अशीच चालवशील. मी किती दिवस बाजूले बसणार? म्हणून देऊन टाकली. पास नाही झाली म्हणून नाही दिली."

मले राग आला, बाबा. पत्र चुरगळून खाटेखाली फेकलो अन् कामावर गेलो. पेट्या उचलता उचलता तुमच्याशी भांडून राहिलो मनात. म्हणलो, तुमाले कायचं दिसते, तुमाले तं ऐकूही येत नाही. म्हणलो, मंगेशकाका मले का दिसत नाही? मी तं त्याच पत्रात त्याईचं नाव लिवलो होतो. खांदा दुखत असन म्हणून लिवलो होतो.

मंग ध्यानात आलं का पहिले बोल्ट लिवलो, अन् त्याच्याखालीच मंगेशकाका लिवलो. दोन्ही एकाच कागदावर. अन् तरी दोघाईची गाठ माया डोक्यात पडली नाही. त्याच्यासाठी ट्रकवाल्यानं विचाराव लागलं का बैठता कौन है.

संध्याकाळी खाटेखालून पत्र काढलो. सरळ करून उशीखाली ठेवलो.

गाडी कशी गेली ते तुमी एका ओळीत लिवले, "ट्रकवर चढवून नेली." बाकीचं मले देवाजीकाकांनी सांगतलं. ट्रॅक्टर लावून गाळातून काढली. आईनं दिवसभर पाणी मारून धुतली, बाकाखालचा गाळ चमच्यानं काढला, अन् हळदकुंकू लावलं. ट्रकवाला म्हणला, "बाई, भंगारात जाऊन राहिली ते." आई म्हणे, "मंग काय घाणेरडी पाठवू?" मंगेशकाका सुटी टाकून आले, अन् जाता जाता त्याईनं बोनेटवर दोन थापा मारल्या, थांबाच्या. कोणी हसलं नाही म्हणते.

अन् तुमी म्हणे ट्रकच्या केबिनमध्ये बसलेच नाही. वर चढले अन् कमांडरच्या सीटवर जाऊन बसले, स्टेअरिंग धरून. ट्रकवाला हातापाया पडला. तुमी डोळे मिटले. तुमसरच्या बजारातून ट्रक गेला तं पोट्टे ओरडले, "ओ आजोबा, विमान उडवून राहिले का काय?" तुमाले ऐकू आलं नसन. देवाजीकाका केबिनमधून मागं वळून पाहत होते. ते म्हणते, तुमचा पाय नागपूरपर्यंत ब्रेकवर होता. ट्रक हळू झाला का तुमी दाबून राहिले होते.

तिथी गेल्यावर तुमी मागं वळून पाहलं नाही, हेही सांगतलं त्याईनं. येताना बसमध्ये दोघं पण झोपले, तुमसर निघून गेलं, कंडक्टर ओरडला तं देवाजीकाकाले जाग नाही आली अन् तुमाले ऐकू नाही आलं. तिरोड्याले उतरले म्हणे. तिथी बसस्टँडवर भजे खाल्ले. देवाजीकाका म्हणते, "तुया बापानं माये भजे पण खाल्ले." हे ऐकून मले बरं वाटलं. काहून वाटलं ते नाही सांगता येत.

इथचं काम सोडलो. सुपरवायझर मी कधीच नव्हतो. पेट्या उचलत होतो, पहिल्या दिवसापासून. ते बोटं अजून वाकत नाही नीट.

तिथी येऊन काय करन, माहीत नाही. देवाजीकाकाले विचारलो, मले दुकानात ठेवता का? तं म्हणते, "तुले? ब्रेकच्या कामाले? मायं दुकान बंद पाडाचं आहे का?" पण फोन ठेवला नाही. मंग म्हणते, "येजो तं खरं, मंग पाहू." आता हे 'हो' आहे का 'नाही', तुमीच समजा.

तुमी पत्रात 'ये' असं लिवलं नाही. 'येऊ नोको' असंही लिवलं नाही. मी कागद उलटा करूनही पाहलो. म्हणून मायं मीच ठरवलो. गाडी होती तवा मी येतो येतो म्हणून दोन वर्षं आलो नाही. आता कायच्यासाठी येऊन राहिलो असं इथल्या पोट्ट्यांनी विचारलं, तं मी म्हणलो, घरी.

शनवारी अहमदाबादवरून गाडीत बसतो. आयतवारी तुमसर रोडले उतरन. तिथून चिखल्यापर्यंत कसाही येईन. तुमी घ्याले येऊ नोका.

आता याल तरी कायनं?

तुमचा,
वीरेंद्र